कालच मुरगळला!

"इंग्रजीत असा एक शब्द दाखवा, जो मी अंगानं शिकवू शकत नाही!"

असं जाहीर आव्हान राजकुमार सरांनी पुंडलिकनगरच्या समस्त जनतेला दिलं होतं. जिन्याखाली टांगलेल्या फ्लेक्सवर, दोन्ही हात पसरलेल्या स्वतःच्या फोटोशेजारी, लाल अक्षरांत दिलं होतं! जनतेनं ते स्वीकारलं नाही, कारण जनतेला कामं होती. सरांची बायको करुणा मात्र हे आव्हान रोज संध्याकाळी स्वतःच्या हॉलमध्ये सोसत होती. कारण क्लास हॉलमध्ये चालायचा, आणि हॉल तिला झाडावा लागायचा.

सरांची पद्धत सोपी होती. अर्थ सांगायचा नाही, करून दाखवायचा. 'क्लाइंब' शिकवताना ते शोकेसवर चढले, तेव्हा करुणाचा लग्नातला कपबशीचा सेट गेला. 'क्रॉल' शिकवताना ते दिवाणाखाली शिरले आणि अडकले. विद्यार्थ्यांनी पाय धरून बाहेर ओढलं, तर सर बाहेर आल्या आल्या म्हणाले, "आणि ह्याला म्हणतात पुल!" असा माणूस! रागवावं तरी कुठून सुरुवात करावी?

त्या शनिवारी नेमका 'फ्लिट' हा शब्द निघाला.

"फ्लिट म्हणजे..." सरांनी दोन्ही हात वर नेले.

"भिरभिरणं!" करुणा स्वयंपाकघरातून ओरडली. उद्याच्या पाहुण्यांसाठी ती शेंगदाणे भाजत होती आणि हॉलमध्ये काही फुटण्याआधी तिला विषय मिटवायचा होता.

"मराठी नाही! आणि भिरभिरणं नाहीच. भिरभिरणारं टेकत नाही. फ्लिट करणारं टेकतं, पण टेकलं न टेकलं तोच उठतं. हलकं! झपकन! इथून तिथं!"

आणि सरांनी फ्लिट करून दाखवलं. आता सरांचं वजन मी सांगत नाही, पण रिक्षावाला त्यांना नेहमी मधोमध बसवतो, एवढं पुरे. सर टीव्हीपासून कूलरपर्यंत फ्लिट झाले आणि खालच्या मजल्यावरून वहिदाभाभींचा आवाज आला, "करुणा! अगं, आमचा पंखा हलायला ना! क्या गिर्‍या ऊपर?"

"काही नाही भाभी! फुलपाखरू आहे!" करुणानं खिडकीतून सांगितलं. हे सांगताना आपल्याला जराही चमत्कारिक वाटलं नाही, याचंच तिला नंतर वाईट वाटलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात माणसाचं काय होऊन जातं!

इथवर सगळं नेहमीचंच होतं. पण विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर फुलपाखरू उमटेना. मागच्या रांगेतला एक जण वहीत 'फ्लिट = भूकंप' असं लिहिताना सापडला. तेव्हा सरांनी हाक मारली, "तनुजा! बाहेर ये बेटा. दोन मिनिटं."

तनुजा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. चिकलठाण्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत नोकरीला. अंगानं शेवग्याची शेंग, डोक्यानं सुरी. तिनं आईकडं बघितलं, आईनं मान हलवली. जाऊ नको, असा त्याचा अर्थ. पण पप्पांना नाही म्हणण्यापेक्षा करून मोकळं होणं सोपं, हे घरातलं जुनं शहाणपण तिच्या आड आलं. ती ओढणी पसरून खुर्चीवरून स्टुलावर, स्टुलावरून दिवाणावर अशी गेली की विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अजून हलकं! टेकू नको! टेकू नको!" सर ओरडले.

ती टेकली नाही. स्टूलच निसटलं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं. पण घोटा बघता बघता वांग्याएवढा झाला. वहिदाभाभी बर्फ घेऊन धावत आल्या, पट्टी त्यांनीच बांधली आणि बांधताना सरांकडं अशा बघत होत्या, की सर पहिल्यांदाच आयुष्यात दोन मिनिटं गप्प बसले.

आणि उद्या सकाळी अकराला पाहुणे येणार होते!

*

पाहुणे म्हणजे साधेसुधे नव्हेत. अतुलचं स्थळ! वरवर ते सरांच्या नात्यातल्या पुंजारामभाऊंनी पिशोरहून सुचवलेलं स्थळ होतं. खरं तर अतुल तनुजाच्याच कंपनीत होता आणि दोघांचं वर्षभरापूर्वीच जमलं होतं. मोठ्यांना 'आम्ही ठरवलं' असं वाटावं, एवढ्यासाठी पोरांनी ते स्थळ पुंजारामभाऊंच्या कानावर पोचेल अशी व्यवस्था केली होती. करुणाला हे माहीत होतं. लेक घरात गुणगुणायला लागली की आईला पत्रिका लागत नाही.

तसंही त्यांच्यात पत्रिका बघतच नाहीत. दोन्हीकडची घरं बाबासाहेबांना मानणारी. हुंडा नाही, मुहूर्त नाही, गुण जुळवणं नाही. मग अडलं कुठं? तर अतुलच्या आत्याशी! आई लहानपणीच गेली, तेव्हापासून कडूबाई आत्यानं त्याला देवगाव रंगारीला वाढवलेला. ती हो म्हणाली तर लग्न. ती नाही म्हणाली तर अतुल तिचं मन मोडणार नव्हता, आणि तनुजा त्याला मोडू देणार नव्हती. दोघंही तसलेच शहाणे!

"उद्याचं पुढं ढकलू," करुणा म्हणाली. "पोरीला उभं राहता येईना."

सरांनी पुंजारामभाऊंना फोन लावला. स्पीकरवर.

"ढकलू नको!" पुंजारामभाऊ तिकडून कडाडले. "ती बाई लई संशयी हाय. आन् पायाचं तर नावच काढू नको! मागं आमच्या पिशोरचंच एक स्थळ तिनं मोडलं. पोरीच्या बापानं म्हणलं, कालच मुरगळला. झालं! तिथंच संपलं. अरं, लंगड्या पोरीचा बाप दुसरं काय म्हणतो? कालच मुरगळला, हेच म्हणतो ना? ती पोरीला चालायला लावतीच बग. काही बी करून पाणी मागती, जवळ बोलावती, हे दाखव म्हणती, ते दाखव म्हणती. सावध राय!"

फोन बंद झाला. 

"म्हणजे खरं आहे तेच सांगायचं नाही," तनुजा म्हणाली. "कारण खोटं बोलणारे तेच सांगतात."

"काळजी करू नको," सर म्हणाले. "माझ्याकडं प्लॅन आहे."

 करुणाला पायापेक्षा प्लॅनचीच भीती मोठी वाटली.

प्लॅन असा होता : पाहुणे यायच्या आधीच तनुजाला दिवाणावर बसवायचं. पट्टीवर साडीचा घोळ. मुलीनं पोहे घेऊन येणं ही जुनाट पद्धत आपण बंद केली, असं जाहीर करायचं. आणि पाहुणे जिना उतरेपर्यंत पोरीनं जागचं हलायचं नाही. उरलेलं सगळं सर सांभाळणार!

सकाळी स्वयंपाकघरात आईला साडीच्या निऱ्या घालू देताना तनुजानं विचारलं, "आई, आणि मी खरंच लंगडी असते तर?"

करुणाच्या हातातली निरी सुटली.  तिला रडूच आलं, आणि रडण्याचाही संताप आला. तो रविवार नेमका नळाचा दिवस होता. आठवड्यानं आलेलं पाणी, ड्रम भरायचे, मोटर लावायची, पोहे, पाहुणे, लेकीचा सुजलेला पाय आणि हॉलमध्ये नवऱ्याचं गुणगुणणं. बाईनं रडायचं तरी कधी!

"पदर खोच नीट," ती एवढंच म्हणाली.

*

पाहुणे दोघंच आले. अतुल, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून कडूबाई आत्या. पांढरं लुगडं, जाड चष्मा, तोंडात शब्द कमी. एक पाय टाकायच्या, थांबायच्या, दुसरा मागून आणायच्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि साठीनंतर गुडघे कुणाचे धड असतात! करुणाला जरा ओशाळंच वाटलं.

"जयभीम. जिने लई वं तुमचे," आत्या धापा टाकत म्हणाल्या आणि दारातून त्यांनी पहिलं दिवाणाकडंच बघितलं. तनुजा बसल्या बसल्या हात जोडून हसली. बसल्या बसल्या! सासरच्या माणसाला बसून जयभीम! 

"आमच्याकडं मुलगी आधीच बसलेली असते!" सरांनी घाईनं जाहीर केलं. "आधुनिक पद्धत!"

"बरं हाय," आत्या म्हणाल्या. खुर्चीवर टेकल्या. थोडा दम खाऊन हसल्या आणि म्हणाल्या, "ये गं बाई, इकडं माझ्याजवळ बस."

सरांनी करुणाकडं बघितलं. करुणानं सरांकडं बघितलं. सुरू झालं!

"ती कशाला?" सर उठले. "तुम्हीच या ना! नाही, नाही, उठू नका!" आणि त्यांनी आत्यांना खुर्चीसकट ढकलत ढकलत दिवाणापर्यंत नेलं. फरशीवर खुर्चीचे पाय असे कर्कश ओरडले की अतुलनं कानांवर हात ठेवले. आत्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. पहिल्यांदा जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात बसलेलं माणूस धरतं तसे.

"हे... हे काय वं?"

"पाहुण्यांची सेवा!" सर म्हणाले.

आत्यांनी चष्मा सारखा केला. "बरं. पाणी दे गं पोरी घोटभर."

"पाणी!" सर ओरडले आणि स्वतःच धावले. करुणा आधीच तांब्या घेऊन निघाली होती. दोघं स्वयंपाकघराच्या दारात एकमेकांवर आपटले. तांब्यातलं अर्धं पाणी सरांच्या शर्टावर, अर्धं उंबऱ्यावर. आत्यांना जे पोचलं ते खरोखरच घोटभर होतं.

त्या प्यायल्या. त्यांची नजर पोरीवरून पायाकडं, पायाकडून दाराकडं, दाराकडून भिजलेल्या सरांकडं अशी फिरली. आणि सरांच्यातला शिक्षक जागा झाला! बोलत राहिलं तर कुणी कुणाला उठवणार नाही, असंही त्यांना वाटलं असावं.

"बघा! आत्ता तुमची नजर काय झाली? फ्लिट झाली!"

"काय झाली?"

"फ्लिट! फुलपाखरू ह्या फुलावरून त्या फुलावर जातं, ते फ्लिट. नजर इथून तिथं जाते, तेही फ्लिट. ओठांवर हसू येतं अन् तेवढ्यात जातं, तेसुद्धा. डोक्यात विचार येतो आणि हाताला लागायच्या आत निसटतो, माणूस आज ह्या नोकरीत उद्या त्या नोकरीत, सगळीकडं इंग्रज एकच शब्द वापरतो. काय भाषा आहे!"

आत्यांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे बूड न टेकणं," त्या म्हणाल्या. "आमचा धाकला दीर तसाच हाय."

अतुलच्या ओठांवर हसू आलं अन् गेलं. सरांनी लगेच त्याच्याकडं बोट दाखवलं, "हे बघा! हे बघा!" आणि करुणाला वाटलं, ह्या माणसाला आत नेऊन पिंपात बसवावं आणि वर झाकण ठेवावं.

मग आत्या खालच्या आवाजात तनुजाला म्हणाल्या, "पोरी, मला जरा बाथरूम दाखव गं."

"मी दाखवतो!" सर गरजले.

 कडूबाई आत्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सरांकडं बघितलं. अतुल छताकडं बघत होता. तनुजानं डोळे मिटले होते.

"म्हणजे ही दाखवेल! करुणा! आज नळाचा दिवस आहे ना, पॅसेजमध्ये ड्रम आहेत, मुलगी अडखळेल. म्हणजे अडखळणार नाही! ती कधीच अडखळत नाही! चालायला एकदम..." सरांना पुढं शब्द सापडेना.

करुणा आत्यांना हाताला धरून घेऊन गेली. जाताना तिनं नवऱ्याकडं जे बघितलं, त्याला कुठल्याही भाषेत शब्द नाही.

*

आत्या परत येऊन बसतात न बसतात तोच दार उघडंच बघून वहिदाभाभी आत आल्या. हातात शीरखुर्म्याचा डबा. पाहुणे असतील म्हणून खास केलेला. बिचाऱ्या फार मायेच्या! आणि त्याच मायेनं त्यांनी दारातूनच विचारलं, "आता पाय कसा आहे? सूज उतरी क्या?"

करुणाच्या हातातली पोह्यांची प्लेट तिरकी झाली. आत्यांची मान वळली.

"माझा!" सर किंचाळले. "माझा पाय! भाभी माझ्याच पायाचं विचारतात. सूज! आई गं!" आणि ते डावा पाय धरून कण्हायला लागले.

वहिदाभाभींनी सरांकडं बघितलं, तनुजाकडं बघितलं, करुणाच्या विनवणाऱ्या डोळ्यांकडं बघितलं. शहाणी बाई! "हौ," त्या म्हणाल्या. "सरांचाच. लई सुजला व्हता." डबा टीपॉयवर ठेवला आणि त्या जिन्यावरून अशा नाहीशा झाल्या की सरांनी एरवी त्यांचंही उदाहरण दिलं असतं.

"तुम्हाला काय झालं पायाला?" आत्यांनी विचारलं.

"काही नाही, काल..." सरांची जीभ जागीच थबकली. कालच मुरगळला, हे दोन शब्द ह्या घरात उच्चारायचे नव्हते! "कालपरवा नाही, फार जुनं आहे. लहानपणापासूनच!"

"आत्ता तर तुम्ही धावत पाण्याला गेलता."

"धावताना नाही दुखत. उभं राहिलं की दुखतं."

"बसा मंग," आत्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला, पण तेवढ्यात स्थिर झाला. मग त्या तनुजाकडं वळल्या. "चल गं माय. गॅलरीत वारं हाय. तिथं दोन शब्द बोलू आपण दोघी."

सगळ्यांच्या नजरा सरांवर. सरांनी तोंड उघडलं. पण आता खुर्ची ढकलून भागणार नव्हतं, गॅलरीचं दार अरुंद होतं आणि डोकं रिकामं होतं.

आणि तनुजाच्या संयमाचा बांध फुटला. काय वाट्टेल ते होवो, पण हा तमाशा पुरे, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. ती उठली. उठताच घोट्यातून कळ गेली आणि तिला कळलं की टाच टेकवली तर ती सगळ्यांसमोर लंगडणार. टेकवली नाही तर? चवड्यावर, हलकंच, झपकन!

ती निघाली. दिवाणावरून शोकेसपाशी, शोकेसवरून टीव्हीपाशी, टीव्हीवरून कूलरपाशी. प्रत्येक ठिकाणी हात टेकला न टेकला तोच पुढं. पदर मागं उडत होता. दुखऱ्या पायावर भार यायच्या आत पाय उचललेला. कालच्या विद्यार्थ्यांना हे दिसलं असतं तर 'फ्लिट' शब्द जन्मात विसरले नसते!

कडूबाई आत्या आ वासून बघत राहिल्या. "अगं माय! पोरीला वारं येतं का काय?"

"वारं नाही! फ्लिट!" सर उडी मारून उभे राहिले. "आमच्या घरात असंच चालतात! इंग्रजी चाल! मी पण असाच चालतो! हे बघा!"

आणि राजकुमार सर निघाले. दिवाण, शोकेस, टीव्ही. खालच्या मजल्यावरचा पंखा हलला असणार, हे करुणाला वर कळलं. अतुल बिचारा गोंधळून उठला. होणाऱ्या सासऱ्याच्या घरची रीत असेल, आपण बसून राहिलो तर वाईट दिसेल, असं काहीतरी त्याला वाटलं असावं. तोही दारापासून खिडकीपर्यंत दोन्ही हात जरासे पसरून जाऊन आला. हॉलमध्ये तीन माणसं बागडत होती, मध्ये खुर्चीवर एक पांढऱ्या लुगड्यातली बाई होती, आणि पोह्यांची प्लेट घेतलेली करुणा भिंतीला पाठ लावून उभी होती. आपण कुणाचं काय बिघडवलं होतं, असा प्रश्न तिला पडला होता.

"सर," आत्या शांतपणे म्हणाल्या, "मघाशी डावा दुखत व्हता. आता उजवा उचलायलात."

सरांनी हवेतल्या हवेत पाय बदलायचा प्रयत्न केला. फुलपाखराला जमतं ते. सर उंबऱ्यावरच्या सांडलेल्या पाण्यावर उतरले. पाय एकीकडं, सर दुसरीकडं, टीपॉय मध्ये! दचकलेल्या करुणाच्या हातातले पोहे भिंतीवर गेले, शीरखुर्मा सतरंजीवर गेला आणि सरांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा असा अस्सल मराठी शब्द बाहेर पडला, की तो इथं लिहिण्यासारखा नाही.

*

सगळं शांत झालं तेव्हा सर फरशीवर होते आणि त्यांचा डावा घोटा, जो मघाशी उगाचच सुजला होता, आता खरोखरच सुजायला लागला होता.

तनुजा कूलरला धरून उभी होती. तिनं साडी वर घेतली आणि पट्टी दाखवली. "आत्या, माझा पाय कालच मुरगळला," ती म्हणाली.  "फुलपाखरू होताना. मला माहीत आहे, तुम्हाला हे खरं वाटणार नाही. पण आता काय व्हायचं ते होऊ द्या."

अतुल तिच्याकडं गेला आणि तिला धरून खाली बसवलं. "मला सांगायचं ना," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू आत्यांना सांगितलं असतंस. तुला खोटं येत नाही."

 कडूबाई आत्या उठल्या. एक पाय टाकला, थांबल्या, दुसरा ओढला. तनुजाजवळ जाऊन बसल्या आणि तिचा पाय मांडीवर घेतला.

"माझ्या लग्नात माझ्या बापानं बी हेच सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "कालच मुरगळला. मी तर पाळण्यातून उतरले ती अशीच. लग्न लागलं. दुसऱ्या दिवसापासून सासू इचारायची, काय गं, काल सरला का? चाळीस वर्सं झाली माय. त्यो काल काय अजून सरंना."

करुणाला मघाचा जिना आठवला. गुडघे म्हणे! आपण बघितलं आणि आपल्याला दिसलंच नाही. तिला इतकी लाज वाटली की ती तिथंच सांडलेल्या पोह्यांत बसली.

"लंगडी मी, खोटं बापाचं, अन् बोलणी जन्मभर मी खाल्ली," आत्या म्हणाल्या. "म्हणून मी कुणाच्या पोरीला चालवत नाय. आईशपत नाय."

"पण पिशोरचं ते स्थळ..." सर फरशीवरून म्हणाले.

"त्या पोरीचा पाय खरंच आदल्या दिवशी मोडला व्हता. तिच्या बापानं पट्टी सोडून माझ्यापुढं चालवली. लेकराच्या डोळ्याला धार लागलेली. मी म्हणलं, आधी हिला दवाखान्यात न्या, लगीन कुठं पळून जातंय? तर त्यांनी गावभर केलं, बाईनं मोडलं." आत्यांनी सरांकडं बघितलं. "तुम्ही बी त्यातलेच निघाले. मला घोटभर पाणी पाहिजे व्हतं सर. निस्तं पाणी!"

सरांनी मान खाली घातली. करुणानं इतक्या वर्षांत हे दृश्य पाहिलं नव्हतं. पण तिला त्यातही समाधान मिळेना, कारण पोरीचं काय झालं ते अजून कळलं नव्हतं.

"आत्या," तिनं धीर करून विचारलं, "मग आमच्या तनुजाचं..."

"पसंत हाय की," आत्या म्हणाल्या. "हिनं एकटीनंच खरं सांगितलं. बापाचं काय, त्याला जरा धरून ठिवा म्हंजे झालं."

तनुजा आत्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. करुणाही रडली. मिळाली एकदाची सवड! फक्त रडताना तिच्या लक्षात आलं की आत नळ जाऊन तासभर झाला असावा आणि एकही ड्रम भरलेला नाही.

*

साखरपुडा देवगाव रंगारीला झाला. तोवर तनुजाचा पाय ठणठणीत बरा झाला होता. ती मांडवात सगळीकडं फिरत होती आणि तिच्या चालण्याकडं कुणाचं लक्षही नव्हतं.

लक्ष होतं ते सरांकडं! त्यांच्या पायाचं प्लास्टर निघालं होतं, लंगडणं राहिलं होतं. नवा कोट, नवे बूट, आणि एक पाय टाकून दुसरा ओढत पाहुण्यांचं स्वागत करणारा नवरीचा बाप. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. एक टोपीवाले म्हातारबा तर सरळ सरांच्या शेजारीच येऊन बसले.

"जन्माचंच का वं, सर?" त्यांनी आपुलकीनं विचारलं.

"छे! छे! मुळीच नाही!" सर दुखावले. आता खरं बोलायचं, शेवटपर्यंत खरं बोलायचं, असं त्यांनी करुणाला वचन दिलं होतं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि सांगायला सुरुवात केली. इंग्रजीत एक शब्द असतो. तो हलक्या चालीचा असतो. फुलपाखरू, नजर, हसू, सगळ्यांना लागू पडतो. आपण तो अंगानं शिकवतो. लेक शिकवताना पडली. मग पाहुणे आले, मग आपण पाहुण्यांसमोर फुलपाखरू झालो, होणारा जावईही झाला, उजव्या पायाचा डावा करताना पाणी आलं, शीरखुर्मा गेला आणि आपण टीपॉयवर उतरलो. एक अक्षर त्यांनी गाळलं नाही. करुणा शेजारी बसून ऐकत होती. एवढं खरं बोललेलं तिनंही कधी ऐकलं नव्हतं.

म्हातारबांनी सगळं ऐकून घेतलं. सावकाश टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. मग इकडंतिकडं बघून ते सरांच्या कानाशी वाकले.

"सर," ते म्हणाले, "त्यापरीस कालच मुरगळला म्हणत चला. निदान पटतं तरी."